गाळलेली सॅम्पल्स

३ नोव्हेंबर, सोमवार

आजच्या सेमिनारमध्ये राजनंदिनीनं माझी चार वर्षं एका स्लाइडवर बसवली. वर ‘रेफरन्स सॅम्पल्स’ असं शीर्षक, खाली एक आकडा. तो आकडा म्हणजे मी. सर्जरीच्या वॉर्डांत फिरून, डॉक्टरांच्या मिनतवाऱ्या करून, टाके घालण्याआधी जखमेची जी कड कापून टाकतात ती कातडी मी गोळा केली. जखम कधी झाली, कशानं झाली, हे प्रत्येक पेशंटजवळ बसून विचारलं. राजनंदिनीला आमच्या फॉरेन्सिक विभागात येऊन वर्षही झालेलं नाही. तिनं माझ्या सॅम्पल्सवर कॉम्प्युटरचं मॉडेल बांधलं आणि आता सगळे त्याला ‘राजनंदिनीचं मॉडेल’ म्हणतात.

बोलते छान, ते कबूल. “कातडी कापली गेली की तिथल्या पेशी कामाला लागतात. काही जीन पहिल्या काही तासांत जोरात चालू होतात, काही दोन-तीन दिवसांनी. कुठला जीन किती चालू आहे ते मोजलं की जखम किती जुनी ते सांगता येतं.” लोक माना डोलवत होते. ही वाक्यं माझी आहेत. ती नवीन आली तेव्हा मीच तिला हे अशा शब्दांत समजावलं होतं.

शेवटची स्लाइड आभाराची होती म्हणे. आमचे विभागप्रमुख यज्ञेश्वर सरांनी वेळ संपली म्हणून ती दाखवूच दिली नाही. नंतर राजनंदिनी ती मोबाइलवर मला दाखवायला आली. माझं नाव सगळ्यात वर होतं. टाळ्या वाजून गेल्यावर दाखवायला काय जातंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांनी राजनंदिनीला केबिनमध्ये चहाला बोलावलं. दार उघडं होतं, सर हसत होते. मला ते ‘माझा उजवा हात’ म्हणतात, चार लोकांसमोर म्हणतात. उजव्या हाताला कोणी चहा विचारत नाही.

घरी योगेशला सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “मी देतो की चहा. आलं घालून.”

नवऱ्याला काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. भिंत निदान विनोद करत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

राजनंदिनी डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. हल्ली रोज येते. आईनं साताऱ्याहून काय काय पाठवलंय ते माझ्या ताटात वाढते. सरांनंतर लॅबमध्ये कोणाशी गोड राहायला हवं, ते तिला बरोबर कळतं.

खाता खाता म्हणाली, “ताई, एक डाउट आहे. आपल्या डेटामध्ये डायबेटिसवाले कोणीच कसे नाहीत? वॉर्डात तर निम्मे तेच असतील ना?”

मी म्हटलं, “जे आहे ते फोल्डरमध्ये आहे.”

“म्हणजे घेतलेच नव्हते का?”

“जे आहे ते फोल्डरमध्ये आहे,” मी परत म्हटलं आणि डबा धुवायला उठले.

घेतले होते. दोन वर्षांपूर्वी, खूप घेतले होते. त्यांचे आकडे कशातच बसत नव्हते. सरांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, “हे काढून टाक, सगळी रेष बिघडवतायत.” मी फोल्डरमधून काढले. आकडे माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, कातडी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये तळाला आहे. फोल्डरमध्ये नाहीत. मी खोटं बोललेले नाही. मॉडेल तिचं आहे ना, मग शोधू दे तिनंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी पोस्टमॉर्टेमला वाघोलीचे एक गृहस्थ आले होते, रावसाहेब नावाचे, त्याच सकाळी वारलेले. वय झालेलं, जमीनजुमला मोठा. भुवईच्या वर फाटलेली जखम आणि कवटीच्या आत रक्त साचून मृत्यू. असं रक्त हळूहळू साचतं, कधी काही तासांत, कधी तीन-चार दिवस घेतं. म्हणून जखम कधीची, हाच सगळा प्रश्न आहे. जखमेवर कोणीतरी हळद आणि मलम थापलेलं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. कातडी मीच कापून घेतली.

आज त्या भागातले पीएसआय आले. बरोबर रावसाहेबांचा मुलगा बजरंग. त्याचं म्हणणं, म्हाताऱ्याला सांभाळायला ठेवलेल्या मैना नावाच्या बाईनं शुक्रवारी संध्याकाळी त्यांना बाथरूममध्ये पाडलं आणि लपवून ठेवलं. मैना म्हणते, मी गावाकडं लग्नाला गेले होते, शुक्रवारी सकाळी परत आले तेव्हाच कपाळाला पट्टी होती. म्हणजे जखम शुक्रवारची असेल तर मैना अडकते. त्याआधीची असेल तर घरात फक्त मुलगा आणि सून.

“आमचं म्हातारं आम्ही तिच्या जिवावर टाकलं हुतं,” बजरंग म्हणाला. “आता वर तोंड करून खोटं बोलतीय. तुमच्या मशीनला विचारा ना साहेब. मशीन काय कुणाचं पाव्हणं न्हाय.”

सर म्हणाले, “आपल्याकडे आता पद्धत आहे. अशा केसमध्ये ती वापरणारे आपण पहिलेच असू.” आणि मग दाराकडे बघून, “राजनंदिनीला बोलवा.”

मी तिथेच उभी होते. हातात त्या जखमेचीच ट्यूब होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल आला. जखम मृत्यूआधी एक दिवस, त्याच्या थोडं आत. म्हणजे शुक्रवार. म्हणजे मैना.

सरांनी राजनंदिनीच्या पाठीवर थाप मारली. ती काही फार खूश दिसली नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाली, “सर, एक जीन विचित्र वागतोय. बाकी सगळे एक दिवस म्हणतायत, हा एकटा तीन म्हणतोय.” सर म्हणाले, “एक जीन म्हणजे बहुमत नव्हे.”

नाटक आहे. आपलं यश आपल्यालाच पटत नाही असं दाखवलं की लोक दुप्पट कौतुक करतात.

जाता जाता तिनं मला विचारलं, “ताई, रावसाहेबांना शुगर होती का हो? तुम्ही पोस्टमॉर्टेमला होतात.” मी म्हटलं, “पोलिसांच्या कागदात औषधं लिहिलेली असतील. वाच.”

तिनं वाचलं. इन्सुलिन होतं. ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि दहा-पंधरा मिनिटांनी गप्पच बाहेर आली. नक्की आणखी काहीतरी शाबासकी मिळाली असणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असूनही गेले. लॅबमध्ये कोणी नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवरचे ते जुने आकडे काढले आणि तिच्या मॉडेलमध्ये घातले. जुन्या डायबेटिसवाल्या पेशंटांच्या जखमा, ज्यांची वेळ मी स्वतः विचारून घेतली आहे. तीन दिवसांची जखम मॉडेल एक दिवसाची सांगतंय. एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक वेळी. अशा लोकांच्या जखमेत सुरुवातीचे जीन लवकर शांतच होत नाहीत, जखम जणू पहिल्याच दिवशी अडकून बसते.

म्हणजे रावसाहेबांची जखम बुधवारची असू शकते. मैना तेव्हा गावाला होती.

पहिला विचार मैनाचा यायला हवा होता. आला तो असा, की आता राजनंदिनी कोर्टात तोंडावर आपटेल. समोरचा वकील एक प्रश्न विचारेल, ‘तुमच्या मॉडेलमध्ये डायबेटिसचे पेशंट किती?’ आणि ती शून्य म्हणेल. आणि सर मागच्या बाकावर बसून ते ऐकतील.

हे इथे लिहितेय कारण दुसरीकडे कुठे लिहिण्यासारखं नाही. पोहे खाल्ले, कपडे वाळत घातले, विश्रांतवाडीच्या मंडईतून मेथी आणली. दिवसभर आतून बरं वाटत होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मैनाला बघितलं.

तिला कसल्याशा तपासणीला आणलं होतं. आमच्या कॉरिडॉरच्या बाकावर बसली होती, बाजूला लेडी कॉन्स्टेबल. चाळिशीची असेल. काळा सुकलेला चेहरा, साडीचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. मी ॲप्रन घालून चालले होते, तर नर्स समजून म्हणाली, “ताई, इथं प्यायचं पाणी कुठं भेटते?”

यवतमाळकडची बोली. मी बाटली दिली. ती वरून पाणी प्याली, बाटलीचं तोंड पुसून परत दिली.

“तुम्ही त्या मशीनवाल्या का?”

मी म्हटलं, “त्याच विभागातली आहे.”

“ते मशीन म्हणते मी त्याइले पाडलं. बाबा मले मैनाबाई म्हणत. पोरगा नाव घ्यायचा नाही, ‘ए’ म्हणे. बाबा मैनाबाई म्हणत.” जरा थांबली. “मशीन खरं सांगते ना ताई? चुकत नाही ना?”

मी “हो” म्हटलं. का म्हटलं? तिला धीर द्यायला म्हटलं असं मी स्वतःला जिना उतरेपर्यंत सांगत होते.

तिनं मान हलवली आणि म्हणाली, “मग होईन बरोबर.”

२५ नोव्हेंबर, मंगळवार

योगेशला सगळं सांगितलं. आज त्यानं टीव्ही बंद करून ऐकलं.

“मग सांग ना उद्या जाऊन.”

“सांगणारच आहे. पण रिपोर्ट आधी जाऊ दे. कोर्टात उघडं पडलं तर जास्त ठळक होईल. पद्धतीची मर्यादा सगळ्यांना कळेल.”

“कोर्टात कधी जाईल?”

“वर्ष. दोन वर्षं.”

“आणि तोपर्यंत ती बाई कुठे बसणार? येरवड्यात?”

मी मेथीची जुडी सोडून पेपरवर पसरली.

“नमू, तुला त्या पोरीचा एवढा राग का गं? काय केलंय तिनं?”

मला सांगता आलं नाही. खरंच, एक गोष्ट नीट सांगता आली नाही. छान बोलते, सर तिला चहाला बोलावतात, रोज माझ्याजवळ येऊन जेवते. मोठ्यानं म्हटलं की हे सगळं किती पांचट वाटतं. मी रडले. योगेशनं मेथी निवडायला घेतली. निम्मी देठं भाजीत टाकली, तरी मी काही म्हटलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

राजनंदिनी दोन दिवस आलेली नाही, ताप आहे म्हणून. सर सकाळपासून चिडलेले, कारण रिपोर्टवर तिची सही बाकी आहे. मी लॅपटॉप घेतला आणि दुपारी शनिवार पेठेत तिच्या खोलीवर गेले. एका काकूंकडे पेइंग गेस्ट राहते. काकूंनी दारातच विचारलं, “कोण आपण? कशासाठी? किती वेळ?” आणि मग वर सोडलं.

“ताई, तुम्ही? या ना.” ती गडबडून गादीवरचे कपडे उचलायला लागली. ताप वगैरे काही दिसत नव्हता.

मी ग्राफ उघडून समोर ठेवला. तिनं रेषेवरून बोट फिरवलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

“हे कधीचे सॅम्पल्स आहेत?”

“दोन वर्षांपूर्वीचे. सरांनी काढायला सांगितले होते.”

“पण सर तर म्हणाले, नम्रतानं डायबेटिसचं सगळं तपासलंय, पहिल्या तीन-चार दिवसांत काही फरक पडत नाही. शुक्रवारी मी इन्सुलिनचं विचारायला गेले तेव्हा.”

“मी असं कधीच म्हटलेलं नाही.”

“मग त्यांनी तुमचं नाव कसं घेतलं?”

“घाईत असतील. त्यांच्या डोक्याला खूप व्याप असतात.”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला तिचा रागच आला. सरांना ती जेमतेम वर्षभर ओळखते, मी नऊ वर्षं.

मग हळूच म्हणाली, “ताई, मला ताप नाहीये. सही करायला नको म्हणून घरी बसलेय. तो एक जीन बसतच नव्हता. पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. नुसतं ‘मला बरोबर वाटत नाही’ म्हणून सरांशी कसं भांडू?”

मला वाटलं होतं, मी मोठं काहीतरी करायला निघालेय. आणि इथे येऊन कळतं की मी तोंड मिटून बसले तेवढे सगळे दिवस ती सही अडवून बसली होती. म्हणजे हेही तिनं माझ्याआधी केलं. हे लिहायला नको, पण तेव्हा मनात पहिलं हेच आलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी ग्राफ बघितला, चष्मा काढला.

“नम्रता, हे तू मला आता सांगतेस?”

“सर, तुम्हीच काढायला सांगितले होते.”

“मी ग्राफमधून काढ म्हटलं होतं. जगातून काढ नव्हतं म्हटलं.”

खरंच, मी जपून ठेवले होते ते सांगायला हवं होतं. राजनंदिनीच म्हणाली, “सर, त्यांनी जपून ठेवले म्हणून आज आहेत. रिपोर्टमध्ये हे जायला पाहिजे. एक दिवस असं लिहिता येणार नाही.”

“पोलिसांना मी एक दिवस असं तोंडी सांगितलंय.”

“मग आता लेखी सांगू. नाहीतर मी सही करत नाही, आणि का करत नाही तेही त्यांना मीच कळवते.”

तिनं हात टेबलाखाली लपवले होते, मला दिसत होते. सरांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “लिहा.”

संध्याकाळपर्यंत आम्ही लिहिलं: मृत व्यक्तीला दीर्घकाळ मधुमेह होता, अशा जखमांचं वय या पद्धतीनं कमी दिसतं, जखम एक ते चार दिवसांमधली केव्हाचीही असू शकते. वाक्यं तिची होती, सरळ आणि स्वच्छ. मी लिहिलं असतं तर तीन पानं झाली असती.

पीएसआय आले तेव्हा सर म्हणाले, “आमच्या टीमनं ही मर्यादा स्वतःहून आणि वेळेत शोधली.” टीम म्हणताना त्यांनी राजनंदिनीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बोट केलं. सरांचं लक्ष नव्हतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मैना सुटली.

मशीन ठाम काही सांगत नाही म्हटल्यावर पोलीस वाघोलीत पुन्हा फिरले. मुख्य रस्त्यावर एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बुधवारी दुपारी बजरंग स्वतः वडिलांना घेऊन आला होता, पाय घसरला म्हणाला, पट्टी करून घेतली आणि पुढे मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हटलं तर दाखवलं नाही. मग सूनही बोलली. जमिनीच्या सहीवरून वाद झाला होता आणि बजरंगनं ढकललं होतं. मारायचा हेतू नव्हता म्हणतोय. नसेलही.

पीएसआयनी हे कळवायला फोन केला तो राजनंदिनीला. तिनं स्पीकर चालू केला आणि मला जवळ ओढलं. “साहेब, नम्रता मॅडमही ऐकतायत.” त्यांनी विचारलं, “कोण?”

मैनाबद्दल ऐकून मला रडू आलं, ते खरं होतं. ‘कोण?’ ऐकून जे वाटलं तेही खरं होतं. दोन्ही एकाच मिनिटात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

राजनंदिनीनं राजीनामा दिला. हैदराबादच्या एका लॅबमध्ये जातेय. सरांनी तिला थांबवायला अर्धा तास घेतला. मी कधी राजीनामा दिला तर किती मिनिटं घेतील, असा हिशोब करत मी पिपेट धुतली. पिपेट धुवायची नसते, तिच्या टोकाची प्लास्टिकची टिप फेकायची असते. नऊ वर्षं हेच काम करतेय.

२२ डिसेंबर, सोमवार

तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. पाठीवर तिची सॅक, पायाशी माझ्या हट्टानं घेतलेली चिवड्याची पिशवी. गाडी उशिरा होती, प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो.

ती म्हणाली, “डायबेटिसच्या सॅम्पल्सवरचा पेपर सरांकडे दिलाय. पहिलं नाव तुमचं आहे. सरांनी बदललं तर मला सांगा.”

“सर असं करणार नाहीत.”

तिनं चिवड्याची पिशवी मांडीवर घेतली. नंतर विचारलं, “ताई, मी डब्याच्या वेळी विचारलं होतं तेव्हाच का नाही सांगितलंत?”

घाईत होते, विसरले, सरांनी मनाई केली होती. तिन्ही उत्तरं तयार होती.

मी म्हटलं, “तुझा हेवा वाटत होता.”

“मला वाटलंच होतं.”

“मग तरी विचारत का राहिलीस? रोज माझ्याजवळ येऊन का जेवायचीस?”

“त्या जखमांबद्दल दुसऱ्या कोणाला माहीत होतं?” ती म्हणाली. अगदी साधेपणानं. गाडी आली, तिनं सॅक उचलली, वाकून नमस्कार केला आणि डब्यात चढली. जागा मिळाली का ते बघायला मी खिडकीखिडकीतून डोकावत गेले, तोवर गाडी हलली.

स्कूटर पार्किंगमधून काढताना कळलं, मी तिला सॉरी म्हटलंच नाही. हेवा वाटतो म्हणून सांगितलं आणि तेवढ्यावरच हलकी होऊन आले.

२४ डिसेंबर, बुधवार

लॅबमध्ये शांत आहे. हेच मला हवं होतं, एक वर्षभर हवं होतं. डबा एकटीनं खाल्ला. वाढायला कोणी नसलं की पटकन संपतो.

मग फ्रीजरच्या तळातली डायबेटिसवाली सगळी कातडी वर आणली, नीट मांडली, प्रत्येक ट्यूबवर नवं लेबल लावलं. वाकून तेच करत होते तेव्हा सरांनी दारातून डोकं आत घातलं. खोलीभर नजर फिरवली.

“कोणी नाही का इथे?”

मी फ्रीजरच्या दारामागे होते, तीन पावलांवर. एरवी लगेच उभी राहिले असते. “आहे ना सर, काय हवंय?” हे शब्द तोंडात तयारच असतात.

या वेळी मी हातातलं लेबल आधी चिकटवलं. बोटानं दाबून, कडा बसेपर्यंत. उठले तोवर सर निघून गेले होते.